चार कोपऱ्यांतला सूर : क्वाड्राफोनिक रेकॉर्डचे पुनरागमन

पन्नास वर्षांपूर्वी बाजारात साफ आपटलेल्या चार स्पीकरच्या ध्वनिमुद्रिकांना जगभरातील रसिक पुन्हा शोधू लागले आहेत. मुंबईच्या दिवाणखान्यांत हे तंत्र कधी रुजले नाही. पण परळच्या एका स्टुडिओत आणि लॅमिंग्टन रोडच्या एका चित्रगृहात त्याच्याच कुळातील आवाज या शहराने मनसोक्त ऐकला. त्या आवाजाचे आज काय उरले आहे, हा या पुनरागमनाने उभा केलेला खरा प्रश्न आहे.

लाँगप्ले रेकॉर्ड परत आली, ही बातमी आता जुनी झाली. कॅसेटने आणि त्यानंतर सीडीने मोडीत काढलेली काळी तबकडी पुन्हा दुकानांत दिसू लागली, नव्या गाण्यांच्या तबकड्या निघू लागल्या आणि २०२४ साली नवी मुंबईत रेकॉर्ड छापण्याचा कारखानाही सुरू झाला. या लाटेच्या पोटात आणखी एक छोटी, पण अधिक कुतूहलाची लाट आहे. ती आहे 'क्वाड्राफोनिक' रेकॉर्डची. एका बाजूने किंवा दोन बाजूंनी नव्हे, तर श्रोत्याच्या चारही कोपऱ्यांतून संगीत ऐकवणारी ही तबकडी १९७०च्या दशकात अवतरली आणि ते दशक संपता संपता नाहीशी झाली. तिचे नाव इतके विस्मरणात गेले की, आज जुन्या रेकॉर्डच्या ढिगात ती हाताशी आली तरी वेष्टनावरील खुणेचा अर्थ अनेकांना लागत नाही.

खाच एक, भिंती दोन, आवाज चार

हे तंत्र समजून घ्यायचे तर आधी रेकॉर्डच्या खाचेत डोकावावे लागते. साध्या, म्हणजे 'मोनो' तबकडीवर सुई एकाच दिशेत थरथरते आणि एकच आवाज उमटतो. स्टिरिओ तबकडीत मात्र इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराच्या खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगवेगळे आवाज कोरलेले असतात. डावीकडचा एका भिंतीवर, उजवीकडचा दुसऱ्या भिंतीवर. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलन ब्लमलीन यांनी ही कल्पना १९३१ सालीच मांडली होती. बाजारात ती १९५८च्या सुमारास आली. डोळे मिटून बसले की दोन स्पीकरच्या मधल्या मोकळ्या जागेत गायक उभा असल्याचा भास होतो, तो या दोन भिंतींमुळे.

पण सभागृहात बसलेल्या माणसाला केवळ समोरचे ऐकू येत नाही. टाळ्या मागून येतात, छतावरून परतलेला नाद वरून येतो, शेजारच्या खोकल्याची दिशाही कान अचूक ओळखतो. ही सारी जागा घरात आणायची तर समोर दोन आणि मागे दोन असे चार स्पीकर हवेत, असा विचार पुढे आला. चार ट्रॅकच्या रील टेपवर हे सोपे होते आणि १९६९ साली अमेरिकेत तशा टेप विक्रीलाही आल्या. अडचण होती ती तबकडीची. खाचेला भिंती दोनच. मग चार आवाज ठेवायचे कुठे?

त्याची दोन उत्तरे निघाली. पहिले उत्तर 'मॅट्रिक्स' पद्धतीचे. यात मागचे दोन आवाज पुढच्या दोन आवाजांत विशिष्ट रीतीने मिसळून टाकले जात. मिसळताना त्यांच्या ध्वनिलहरी थोड्या पुढेमागे सरकवल्या जात आणि ही सरकच त्यांची ओळख ठरे. घरी 'डीकोडर' नावाचे उपकरण ती ओळख पटवून मागचे आवाज बाजूला काढी. तांदूळ आणि डाळ एकत्र करून पुन्हा सुपात पाखडण्यासारखाच हा प्रकार. पाखडणारा हात कितीही सराईत असला तरी थोडी डाळ तांदळात राहतेच. सुरुवातीच्या डीकोडरांत शेजारशेजारच्या दोन आवाजांत जेमतेम ३ डेसिबलचा फरक उरत असे. मागे ठेवलेली सतार पुढच्या स्पीकरमधूनही जवळजवळ तेवढ्याच जोराने ऐकू येई.

दुसरे उत्तर अधिक धाडसी होते. जपानच्या जेव्हीसी कंपनीच्या 'सीडी-४' पद्धतीत चारही आवाज खरोखरच स्वतंत्र ठेवले जात. प्रत्येक भिंतीवर पुढच्या आणि मागच्या आवाजांची बेरीज नेहमीसारखी कोरली जाई आणि त्यांची वजाबाकी ३० किलोहर्ट्झच्या एका वाहक लहरीवर स्वार केली जाई. माणसाच्या कानाची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झ. त्यामुळे ही लहर कोणालाच ऐकू येत नसे, पण यंत्राला ती सापडत असे. एफएम रेडिओवर स्टिरिओ कार्यक्रम ज्या तत्त्वावर प्रसारित होतो, तेच हे तत्त्व. मात्र त्यासाठी सुईने ४५ किलोहर्ट्झपर्यंतची सूक्ष्म नक्षी वाचायला हवी होती. नेहमीच्या सुईला ते झेपेना. म्हणून नोरिओ शिबाटा यांनी खाचेला अधिक उंचीवर, पण बारीक कडेने स्पर्श करणारी नवी सुई घडवली. क्वाड्राफोनिक रेकॉर्ड अस्ताला गेली, पण 'शिबाटा' सुई आजही उत्तम स्टिरिओ ऐकणाऱ्यांच्या पसंतीची आहे.

तिघांचे भांडण

इतकी बुद्धी पणाला लागूनही हे तंत्र टिकले नाही. त्याचे पहिले कारण कंपन्यांची आपसातील चढाओढ. अमेरिकेच्या सीबीएसने 'एसक्यू' ही मॅट्रिक्स पद्धत आणली, जपानच्या सान्सुईने 'क्यूएस' आणली आणि जेव्हीसी व आरसीए यांनी 'सीडी-४'चा झेंडा उभारला. एका पद्धतीची रेकॉर्ड दुसऱ्या पद्धतीच्या यंत्रावर नीट उलगडत नसे. ग्राहकाने घ्यायचे काय, हे विक्रेत्यालाही सांगता येईना. ज्याला आवडता गायक एका कंपनीचा आणि आवडता वादक दुसऱ्या कंपनीचा, त्याने दोन डीकोडर घ्यायचे काय?

दुसरे कारण कानाचे. समोरचे दोन स्पीकर साधारण ६० अंशांच्या कोनात असले की त्यांच्या मध्ये आवाजाची भरीव प्रतिमा उभी राहते. चार कोपऱ्यांत चार स्पीकर ठेवले की हा कोन ९० अंशांचा होतो आणि ती प्रतिमा विरळ होते. उजव्या वा डाव्या कुशीला तर ती जवळजवळ उभीच राहत नाही, कारण पुढच्या आणि मागच्या आवाजातील फरक ओळखण्याची कानाची रीत निराळी आहे. त्यामुळे खोलीच्या नेमक्या मध्यबिंदूवर बसलेल्या एका श्रोत्याला स्वर्ग आणि कोचाच्या टोकाला बसलेल्या बाकीच्यांना गोंधळ, अशी स्थिती झाली.

तिसरे कारण काही ध्वनिमुद्रकांच्या अतिउत्साहाचे. ढोल डाव्या कोपऱ्यात, गिटार उजव्या, आणि तंबोरा डोक्याभोवती गरगर फिरतो आहे, अशी मिश्रणे ऐकून रसिकांना नवलाई वाटली, पण ती फार दिवस टिकली नाही. अर्थात, याला अपवादही होते. पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चे अ‍ॅलन पार्सन्स यांनी १९७३ साली केलेले चार स्पीकरसाठीचे मिश्रण आजही आदर्श मानले जाते. पण अशा मोजक्या रेकॉर्डसाठी चार स्पीकर, दोन अ‍ॅम्प्लिफायर आणि एक डीकोडर घेण्याची तयारी फारच थोड्यांची होती. १९७०चे दशक संपण्यापूर्वीच मोठ्या कंपन्यांनी हात आखडता घेतला.

एकशे साठ चौरस फुटांत चार स्पीकर?

भारतात तर ही गाडी फलाटावरच राहिली. तो परवाने आणि आयातबंदीचा काळ होता. परदेशी ध्वनियंत्रांवर जबर जकात होती आणि अनेक घरांत रेकॉर्ड प्लेअर हीच चैन समजली जात होती. हिंदी-मराठी चित्रगीतांच्या बहुतांश रेकॉर्ड तेव्हा मोनो होत्या आणि स्टिरिओचे अप्रूप नुकते कुठे सुरू झाले होते. त्यात जागेचा प्रश्न. परळच्या ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. त्यात संसार, पाहुणे आणि पाण्याचे पिंप यांची जागा गेल्यावर चार कोपऱ्यांपैकी एकही मोकळा उरत नसे. शिवाय गिरगाव-लालबागच्या चाळीत चारही बाजूंनी आवाज ऐकण्यासाठी वेगळ्या डीकोडरची गरज कधी भासलीच नाही. समोरच्या खोलीत विविध भारती, मागच्या खोलीत भजन, गॅलरीत भांडण आणि खाली फेरीवाला, असे चौमुखी ध्वनिसंयोजन येथे अहोरात्र आणि विनामूल्य उपलब्ध होते.

म्हणून या शहराने चौफेर आवाजाची दीक्षा घेतली ती घरात नव्हे, चित्रगृहात. त्यामागचे एक महत्त्वाचे ठिकाण परळमध्ये होते. व्ही. शांताराम यांनी १९४२ साली स्थापन केलेल्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाई नावाचे ध्वनिमिश्रक काम करीत. संवाद, पार्श्वसंगीत, पावलांचे आवाज, वारा, शांतता या साऱ्यांचे प्रमाण ठरवून चित्रपटाचा अखेरचा ध्वनिपट तयार करणे हे त्यांचे काम. 'पाकीजा'पासून सत्यजित राय यांच्या 'शतरंज के खिलाडी'पर्यंत अनेक चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आहे. पडद्यावर नाव क्षणभर झळकते आणि प्रेक्षक ते वाचत नाही. पण त्या काळच्या दिग्दर्शकांना राजकमलच्या मिश्रणकक्षातील या माणसाच्या कानांची किंमत ठाऊक होती.

'शोले'चे ध्वनिमिश्रणही त्यांचेच. १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट ३५ मिमी फिल्मवर चित्रित करून ७० मिमीवर मोठा करण्यात आला होता आणि त्याला सहा ट्रॅकचा चुंबकीय स्टिरिओ ध्वनिपट जोडला होता. ७० मिमीच्या प्रचलित मांडणीत पाच ट्रॅक पडद्यामागील स्पीकरना आणि सहावा ट्रॅक प्रेक्षागृहातील भिंतींवरच्या स्पीकरना दिलेला असतो. म्हणजे तत्त्व तेच. आवाज पुढूनही यावा, भोवतालूनही यावा, आणि प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा असावी. फरक इतकाच की, रेकॉर्डच्या खाचेतील दोन भिंतींच्या कंजुषीऐवजी येथे फिल्मच्या कडेला चुंबकीय पट्ट्यांची ऐसपैस सोय होती. काही पाखडावे लागत नव्हते.

लॅमिंग्टन रोडवरील मिनर्व्हा चित्रगृहात हा चित्रपट पाच वर्षे चालला. नाणे उडवण्याच्या प्रसंगात ते आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून प्रेक्षक वाकून पाहत, ही आठवण आजही सांगितली जाते. ती अक्षरशः खरी असो वा रंगवलेली, तिच्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आवाज पडद्याच्या चौकटीतून बाहेर पडू शकतो, हे या शहराच्या सामान्य प्रेक्षकाला त्या वर्षी कळले. गिरणी सुटल्यावर तिकिटाच्या रांगेत उभा राहणारा कामगार आणि मलबार हिलवरून मोटारीने येणारा प्रेक्षक यांनी तो आवाज एकाच छताखाली ऐकला. परदेशात जे श्रीमंत शौकिनाच्या दिवाणखान्यापुरते राहिले, ते मुंबईत काही रुपयांच्या तिकिटावर लोकांना मिळाले. पुढे पॉलिडोरने 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड काढली आणि तीही घरोघर वाजली. पण मिनर्व्हातले ते प्रशस्त अवकाश तिच्यात मावणारे नव्हते.

'डॉल्बी'चे गोत्र

क्वाड्राफोनिक रेकॉर्ड बाजारातून गेली, पण तिची विद्या वाया गेली नाही. मॅट्रिक्स पद्धतीच्या प्रणेत्यांपैकी एक पीटर शायबर हे मूळचे बसून या वाद्याचे वादक. चार आवाज दोन मार्गांत कोंबून पुन्हा सोडवण्याची जी युक्ती त्यांनी मांडली, तीच पुढे चित्रपटगृहांतील 'डॉल्बी स्टिरिओ'च्या कामी आली. ३५ मिमी फिल्मच्या कडेला प्रकाशीय ध्वनीसाठी दोनच रेषा असत. त्यांत डावा, मधला, उजवा आणि भोवतालचा असे चार आवाज मॅट्रिक्सने बसवले गेले. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स'ने ही पद्धत जगभर गाजवली. शायबर यांनी १९८३ साली डॉल्बी कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला आणि तडजोडीत कंपनीने त्यांच्याकडून परवाना घेतला. घरगुती 'सराउंड' यंत्रे, डीव्हीडीचा ५.१ ध्वनी आणि अलीकडचा 'अ‍ॅटमॉस' ही सारी त्याच वाटेवरची पुढची गावे आहेत.

लालबाग-परळच्या वाचकाला मात्र 'डॉल्बी' या शब्दाचा भलताच अर्थ ठाऊक आहे. विसर्जन मिरवणुकीत ट्रकवर रचलेली, छातीत धडकी भरवणारी स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी. आणि दर वर्षी मंडळे, पोलीस आणि न्यायालये यांच्यात चर्चा होते ती 'डॉल्बीमुक्त' उत्सवाची. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे आणि या भिंती ती केव्हाच ओलांडतात. गंमत अशी की, रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये कंपनी काढली तेव्हा तिचे पहिले उत्पादन होते ते ध्वनिफितीतील खरखर कमी करणारे यंत्र. गोंगाट घटवण्यासाठी प्रसिद्ध झालेले आडनाव मराठीत गोंगाटाचेच सामान्यनाम बनले. चौफेर ध्वनीचे सारे शास्त्र सांगते की, आवाजाची मौज त्याच्या जोरात नसते, त्याच्या जागेत असते. मिरवणुकीतील भिंतीला जोर आहे, जागा नाही.

पुनरागमन कसे झाले?

मग पन्नास वर्षांनी या तबकड्यांना पुन्हा दिवस का आले? पहिले कारण म्हणजे डीकोडर सुधारले. १९७०च्या दशकात जे काम मोजक्या ट्रान्झिस्टरांवर भागवावे लागे, ते आज संगणकीय प्रक्रियेने कितीतरी स्वच्छ होते. ऑस्ट्रेलियातील 'इन्व्हॉल्व्ह ऑडिओ' या कंपनीने जुन्या मॅट्रिक्स रेकॉर्डसाठी नवा डीकोडर बाजारात आणला. संगणकावर रेकॉर्ड उतरवून घेऊन चार आवाज वेगळे करणारे हौशी तंत्रज्ञही पुढे आले. जी डाळ पूर्वी तांदळात राहून जाई, ती आता बरीचशी निवडता येऊ लागली.

दुसरे कारण नव्या कलावंतांचे कुतूहल. अमेरिकी सिंथेसायझर वादक सुझान सियानी यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतील २०१६च्या मैफलीची क्वाड्राफोनिक रेकॉर्ड २०१८ साली निघाली. चार स्पीकरसाठीच वाजवलेले संगीत, चार स्पीकरसाठीच कोरलेल्या तबकडीवर, असा तो योग होता.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण वेगळेच आहे. जुनी क्वाड मिश्रणे आज सर्वाधिक ऐकली जातात ती रेकॉर्डवर नव्हेत. ब्रिटनच्या डटन व्होकॅलियन कंपनीने ती सुपर ऑडिओ सीडीवर आणली. अमेरिकेच्या ऱ्हायनो कंपनीने २०२३ पासून 'क्वाडिओ' मालिकेत ती ब्लू-रे तबकडीवर काढली. पार्सन्स यांचे १९७३चे मिश्रणही २०११च्या संचात याच मार्गाने पुन्हा ऐकायला मिळाले. या साऱ्या प्रकाशनांत रेकॉर्डची खाच उसवून आवाज काढलेले नाहीत. स्टुडिओच्या कपाटात ठेवलेल्या मूळ चार ट्रॅकच्या फिती बाहेर काढून त्यांवरून थेट प्रती केल्या आहेत. ज्या मिश्रणाला १९७०च्या दशकात तबकडीने न्याय दिला नाही, ते फितीवर मात्र शाबूत होते. तंत्र हरले, बाजार उठला, पण कोणीतरी फीत फेकून दिली नाही. पुनरागमनाचे मर्म येथे आहे.

फीत असेल तरच

या कसोटीवर आपल्याकडील वारसा लावून पाहिला तर चित्र सरळ दिसत नाही. १९६० आणि ७०च्या दशकांत ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा दादरच्या बॉम्बे लॅबमध्ये गाणी मुद्रित होत ती बहुधा सर्व वादक आणि गायक यांना एकत्र बसवून, एका दमात. व्हायोलिनचा ताफा, तबला, गायक यांचे प्रमाण ध्वनिमुद्रक तेथल्या तेथे जुळवी आणि फितीवर उतरे ते तयार मिश्रण. वेगवेगळे ट्रॅक मागे राहतच नसत. त्यामुळे अशा गाण्यांचे अस्सल चौमुखी मिश्रण आज करायचे म्हटले तरी वेगळे करण्यासारखे काही हाती नसते.

मग पर्याय उरतात दोन. एक म्हणजे १९९०च्या दशकात जागोजागी ऐकू येणाऱ्या 'झंकार बीट्स'चा. जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवायचा आणि त्याला भोवती फिरवायचे. दुसरा अधिक जबाबदार पर्याय 'मुघल-ए-आझम'च्या वेळी दिसला. १९६० साली मराठा मंदिरमध्ये झळकलेला हा चित्रपट २००४ साली रंगीत रूपात आणि सहा ट्रॅकच्या ध्वनीसह पुन्हा प्रदर्शित झाला. मूळ ध्वनी मोनो असल्याने गायकांचे स्वर तसेच ठेवून नौशाद यांच्या देखरेखीखाली उत्तम सिंग यांनी वाद्यमेळ नव्याने मुद्रित केला. मूळ संगीतकार हयात होते म्हणून हे शक्य झाले. तरीही काटेकोर बोलायचे तर ती १९६०च्या आवाजाची पुनर्रचना होती, पुनःप्राप्ती नव्हती.

'शोले'ची गोष्ट याउलट. त्याच्या मूळ कॅमेरा निगेटिव्हची पार दुर्दशा झाली होती आणि ७० मिमीची एकही प्रत शिल्लक नव्हती. पाच वर्षे गर्दी खेचणाऱ्या चित्रपटाची ही अवस्था! फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्सच्या सहकार्याने तो पुन्हा उभा केला. चित्रासाठी ब्रिटनमधील गोदामात सापडलेले आणि भारतात जपलेले दुय्यम साहित्य वापरले गेले. आवाजासाठी मूळ ध्वनि-निगेटिव्ह आणि जतन केलेली चुंबकीय फीत कामी आली. २७ जून २०२५ रोजी इटलीत बोलोन्याच्या चौकात आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारतातील चित्रगृहांत तो दाखवण्यात आला. मंगेश देसाई आज नाहीत, मिनर्व्हाही उरलेले नाही. पण आवाजाचा पुरावा उरला होता म्हणून तो पुन्हा ऐकवता आला.

हा पुरावा फार नाजूक असतो. फिल्मच्या जुन्या अ‍ॅसिटेट पट्टीवरील चुंबकीय ध्वनी ओलाव्याने कुजतो. डबा उघडताच शिरक्यासारखा आंबूस वास येतो आणि पट्टी आक्रसत जाते. १९७० आणि ८०च्या दशकांतील कित्येक टेपवरील गोंद हवेतील ओल शोषून चिकट होतो. अशी टेप मंद आचेवर काही तास भाजून थोड्या दिवसांपुरती वाजण्याजोगी करावी लागते आणि तेवढ्यात तिची प्रत घ्यावी लागते. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने समुद्राची दमट हवा सोसणाऱ्या या शहरात ध्वनिफितीचा शत्रू शोधायला लांब जायला नको. त्यात स्टुडिओंच्या जागी मनोरे उभे राहताना कपाटे रिकामी होतात ती घाईने, आणि डब्यावरील फिकट झालेले लेबल वाचायला कोणालाच वेळ नसतो.

या बाबतीत रेकॉर्डचे संग्राहक अधिक जागरूक ठरले आहेत. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'ने, विशेषतः सुरेश चांदवणकर यांच्यासारख्या अभ्यासकाने, जुन्या तबकड्यांची नोंद, माहिती आणि श्रवणसत्रे यांची परंपरा सांभाळली. त्यांच्या जगात बहुतेक ऐवज ७८ फेऱ्यांच्या मोनो तबकड्यांचा. तो मोनोच ऐकावा, त्याला चार स्पीकरचे दागिने घालू नयेत, ही त्यातील शिस्त. ज्या आवाजाचा जन्म एका कर्ण्यासाठी झाला त्याला एक कर्णा आणि ज्याचा चारांसाठी झाला त्याला चार, हा साधा न्याय आहे.

हाती रेकॉर्ड लागली तर

चोर बाजारात किंवा एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर परदेशी रेकॉर्ड सापडली, तर वेष्टनाचा कोपरा जरूर पाहावा. 'एसक्यू', 'क्यूएस', 'क्वाड्राडिस्क' किंवा 'सीडी-४' अशी खूण असेल तर ती चार आवाजांची तबकडी आहे. मॅट्रिक्स पद्धतीची रेकॉर्ड साध्या स्टिरिओ यंत्रावरही निर्धास्तपणे वाजवता येते. 'सीडी-४' बाबत मात्र सावध राहावे. जाड वा झिजलेल्या सुईने ती वाजवली तर कानाला काही कळत नाही; परंतु त्या अतिसूक्ष्म वाहक लहरीची नक्षी घासून जाते आणि मागचे दोन आवाज कायमचे मुके होतात.

डीकोडर विकत घेणे परवडत नसेल तर अमेरिकी अभियंता डेव्हिड हाफ्लर यांची जुनी, स्वस्त युक्ती आहे. स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरच्या डाव्या आणि उजव्या धन टोकांमध्ये दोन जादा स्पीकर एकापाठोपाठ एक जोडून ते श्रोत्याच्या मागे ठेवायचे. दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज त्यांच्यात रद्द होतो आणि उरतो तो फक्त फरक, म्हणजे बहुतांशी सभागृहाचा घुमारा आणि मागे ठेवलेले आवाज. लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून वायर आणि दोन छोटे स्पीकर आणले की काम भागते. मात्र सर्वच अ‍ॅम्प्लिफायरना ही जोडणी सोसत नाही. ज्याची दोन्ही ऋण टोके आतून एकच असतात त्यालाच ती चालते. म्हणून जाणत्या कारागिराला विचारूनच वायर सोलावी. हा क्वाड्राफोनीचा पुरता अनुभव नव्हे. पण तिची चव कळण्यापुरता नक्कीच.

हौस म्हणून हे सारे ठीक आहे. अधिक निकडीचे काम वेगळे आहे. मुंबईतील बंद पडलेले स्टुडिओ, चित्रपटसंस्था, नाट्यसंस्था आणि जुन्या ध्वनिमुद्रकांची घरे यांत जे डबे अजून शिल्लक असतील त्यांची यादी होणे, त्यांना थंड आणि कोरडी जागा मिळणे आणि वाजण्याजोगे आहे तोवर त्यांचे मुद्रण उतरवून घेणे, हे ते काम. चौथा स्पीकर पुढेही विकत घेता येईल. डब्यातली फीत एकदा कुजली की तिच्यावरचा आवाज कोणत्याही दुकानात मिळणार नाही.